जोत आणि अश्वशक्ती : गिरणगावातील चाकरमान्यांची शेती व लहान ट्रॅक्टरच्या निवडीचा इतिहास

मुंबईच्या गिरणगावासंबंधी लिहिताना कापूस, सूत, चाळ आणि संप यांचा विचार पुष्कळ झालेला आहे. त्या मानाने नांगराचा विचार कमी झाला. लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड येथील कामगार हा बहुधा कोकणात किंवा घाटावर थोडीफार जमीन असलेला शेतकरीही होता, ही गोष्ट सर्वांस ठाऊक असूनही ती त्याच्या घरगुती भावविश्वातील एक तपशील म्हणूनच नोंदली जाते. परंतु ही जमीन दरवर्षी मृगाच्या सुमारास कोणी तरी, कशाने तरी नांगरावी लागत असे. ती कशाने नांगरावी, या प्रश्नाचा विचार शेताच्या बांधावर जितका झाला तितकाच मुंबईतील खोलीत झाला. कारण पैसा तेथून जावयाचा होता. लहान शेतासाठी लहान ट्रॅक्टर निवडताना आज जी तुलना केली जाते, तिचा इतिहास या खोलीपासून सुरू करणे अधिक सयुक्तिक ठरेल.

१९२१ च्या शिरगणतीत मुंबई शहरातील सुमारे एक पंचमांश लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा मोठा भाग येत असे. या लोकांची गावाकडील शेती म्हणजे उतारावर बांध घालून केलेली भाताची खाचरे आणि वर डोंगरकडेला नाचणी-वरीची वरकस जमीन. खाचर काही ठिकाणी इतके अरुंद की बैलजोडी वळविताना पुढचा बैल बांधावर चढावा. पाऊस साधारण तीन हजार मिलिमीटरच्या घरात, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. नांगरणी, चिखलणी आणि लावणी ही तिन्ही कामे काही आठवड्यांत उरकली पाहिजेत. गिरणीतील मजूर मे-जून महिन्यांत मोठ्या संख्येने गावी जात, याबद्दल गिरणीमालक तक्रार करीत आणि १९३१ साली अहवाल सादर करणाऱ्या मजूरविषयक शाही आयोगानेही कामगारांच्या खेड्याशी असलेल्या या नात्याची दखल घेतली. यामागील एक कारण मात्र क्वचितच स्पष्टपणे मांडले जाते. लावणी, खुरपणी, कापणी, झोडणी ही सर्व कामे गावी राहिलेल्या स्त्रिया करीत. नांगर धरणे मात्र रूढीने पुरुषाचेच काम मानलेले होते. घरात पुरुष नसेल तर शेजाऱ्याचे जोत मिळेपर्यंत थांबावे लागे, आणि शेजारी आपले शेत आटोपल्यावाचून येत नसे. भाताच्या शेतीत आठ दिवसांचा उशीर लहान नव्हे.

येथे 'जोत' या शब्दाकडे थोडे लक्ष दिले पाहिजे. कोकणच्या बोलीत जोत म्हणजे जुंपलेली बैलजोडी, तिचा नांगर आणि एका अर्थाने तो धरणारा माणूस, असा तिघांचा समुच्चय होय. 'आज दोन जोते लागली' या वाक्यात शक्तीचे माप आहे, वेळेचे आहे आणि मजुरीचेही आहे. घाटावर हेच माप निराळ्या रीतीने व्यक्त झाले. देशावरच्या काळ्या, चिवट जमिनीत जड लाकडी नांगरास अनेक बैल जुंपावे लागत. म्हणून तेथे 'चार बैली', 'सहा बैली', 'आठ बैली' अशी नांगराची विशेषणे तयार झाली. यंत्राची शक्ती त्यास ओढणाऱ्या जनावरांच्या संख्येने मोजण्याची कल्पना वॅटच्या अश्वशक्तीबरोबरच मराठीत आली असे मानण्याचे कारण नाही. शेतकऱ्याच्या भाषेत ती आधीपासून नांदत होती. ज्याच्यापाशी चार बैल नाहीत त्याने काय करावे, याचेही उत्तर भाषेत आहे. 'सावड' म्हणजे आळीपाळीने एकमेकांस बैल व श्रम देणे. 'इर्जिक' म्हणजे अनेकांनी आपापली अवजारे घेऊन एका दिवसात एकाचे शेत करून देणे आणि त्याने सर्वांस जेवू घालणे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईत छापली गेली, तीत हे दोन्ही शब्द आहेत. लहान शेतकऱ्यास संपूर्ण जोत स्वतःच्या मालकीचे परवडत नाही, ही जाणीव म्हणजे आधुनिक अर्थशास्त्राचा शोध नव्हे.

बैलजोडीची सतत काम करतानाची ताकद सामान्यतः पाऊण ते एक अश्वशक्ती धरली जाते. परंतु तिचा खर्च कामाच्या दिवसांपुरता नसतो. कोकणातील बैल वर्षातून काही आठवडे नांगरास लागतो आणि बाराही महिने वैरण खातो. लालबागच्या खोलीतून जाणाऱ्या मनिऑर्डरीत पेंढ्याचा, गोठ्याच्या डागडुजीचा आणि बैल आजारी पडल्यास औषधाचा वाटा असे. या खोलीपासून काही फर्लांगांवर, परळ येथे १८८६ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय होते. परंतु तेथील विद्या देवगड किंवा लांज्याच्या गोठ्यापर्यंत पोहोचण्यास फार काळ लागला. या जवळिकीला फारसा अर्थ नाही असे कोणी म्हणेल. तथापि भायखळ्यापासून परळपर्यंतच्या दोन-तीन मैलांच्या टापूत नांगर, बैल आणि पुढे ट्रॅक्टर यांच्याशी संबंधित अशा इतक्या संस्था एकवटल्या होत्या, की ज्यांच्या वस्तीत त्या होत्या त्यांच्या शेतास त्यांचा उपयोग किती झाला, हा प्रश्न विचारणे भागच आहे.

यांतील पहिली संस्था व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट. १८८७ साली स्थापन झालेली ही संस्था आधी भायखळ्यास होती आणि १९२३ मध्ये माटुंग्यास गेली. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली मुंबईस आले ते जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यासाठी. रंग ओळखण्यात दृष्टिदोष असल्याचे लक्षात आल्यावर ते यांत्रिक रेखांकनाकडे वळले व पुढे या भायखळ्याच्या संस्थेत शिक्षक झाले. बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावास जाऊन थोरले बंधू रामुअण्णा यांच्याबरोबर सायकलींचा व्यवसाय केला. त्यातूनच कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. लोखंडाने जमिनीस विषबाधा होते, ही शेतकऱ्यांची समजूत यास कारणीभूत झाली असेही सांगतात. ही समजूत भाबडी होती हे खरे. पण त्या दोन वर्षांचे स्पष्टीकरण केवळ तिच्यावर सोपवून मोकळे होणे बरोबर नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देत असे. लोखंडी नांगराचा फाळ मोडला तर तो कोठून आणावयाचा, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे होता, आणि तो प्रश्न अगदी शहाणपणाचा होता. ट्रॅक्टर घेताना सुटे भाग कोठे मिळतात अशी आज जी चौकशी केली जाते, तिचे हे पूर्वरूप होय.

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळ किर्लोस्करवाडी वसली आणि नांगराचा व्यवसाय स्थिरावला. १९२० पासून निघू लागलेले 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक आरंभी कारखान्याचा माल आणि ग्राहक यांच्यातील दुवा म्हणून काढलेले होते. ते पुढे मराठीतील एक प्रमुख मासिक बनले हे सर्वश्रुत आहे. मराठी शेतकऱ्याला कारखान्यात तयार झालेल्या अवजाराविषयी छापील मजकूर वाचून मत बनविण्याची सवय लागण्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे आहे. मात्र हा नांगर प्रामुख्याने देशावरच्या जमिनीचा. तेथे हराळी व कुंदा उपटून काढण्यासाठी खोल नांगरट हवी होती आणि ती ओढण्यास चार-सहा बैल सावडीने का होईना मिळत होते. कोकणच्या खाचरात मातीचा थर पातळ, खाली जांभा, आणि जोडी एकच. भायखळ्यात शिकविणाऱ्या शिक्षकाच्या हातून मराठी शेतीतील सर्वांत महत्त्वाचे अवजार घडले. भायखळ्याच्या गिरणीत काम करणाऱ्या रत्नागिरीकराच्या शेतात मात्र लाकडी नांगरच चालू राहिला.

अवजार शेताच्या आकारावर अवलंबून असते ही गोष्ट या काळात शास्त्रीय पद्धतीने प्रथम मांडली गेली ती हॅरल्ड मॅन यांच्या पाहणीत. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य असताना त्यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास केला, आणि तो १९१७ साली मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक मालेत प्रसिद्ध झाला. या गावातील सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये सुमारे ४० एकर होते, ते १९१४-१५ पर्यंत सुमारे ७ एकरांवर आले होते. शिवाय हे सात एकरही एका ठिकाणी नव्हते. तुकडेबंदीचा कायदा करण्याचा १९२७ च्या सुमारास मुंबई कायदे मंडळात झालेला प्रयत्न विरोधामुळे सोडून द्यावा लागला. लहान शेतकरी जमिनीवरून उठविला जाईल ही भीती त्यामागे होती आणि ती निराधार म्हणता येणार नाही. अखेर १९४७ चा तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा, १९४८ चा कूळकायदा आणि कोकणापुरता १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा असे तीन कायदे थोड्या काळात आले. यांपैकी शेवटच्या दोहोंनी चाकरमान्याच्या घराण्यास अनेक ठिकाणी जमिनीचा मालक केले. पहिल्याने मात्र ती जमीन वारसांत विभागली जाण्याचे थांबले नाही. महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टर राहिले.

ट्रॅक्टर आला तो या उलट दिशेने. स्वातंत्र्यानंतर सरकारच्या नजरेपुढे होती ती हरळ-कासाने व्यापलेली, पडीक, विस्तीर्ण जमीन. मध्य भारतातील कास गवताखालील जमीन उठविण्यासाठी १९४९ साली जागतिक बँकेने भारतास १ कोटी डॉलरचे कर्ज दिले, ते अवजड यंत्रे घेण्यासाठी. महाराष्ट्रात यांत्रिक नांगरट प्रथम रुजली ती साखर कारखान्यांच्या मोठ्या मळ्यांवर. लहान शेत हा या दृष्टीत एक अडथळा होता, आणि तो दूर केला म्हणजे ट्रॅक्टर चालेल अशी विचारसरणी होती. यंत्र शेतास साजेसे करण्याऐवजी शेत यंत्रास साजेसे करावे, हा तिचा गाभा.

ट्रॅक्टर-ट्रॅक्टरांत तुलना कशी करावी याचे शास्त्र मात्र परदेशात शेतकऱ्याच्या फसवणुकीतून जन्मास आले होते. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर या शेतकरी आमदाराने वाईट ट्रॅक्टरांचा अनुभव घेतल्यावर १९१९ साली एक कायदा मंजूर करवून घेतला. त्यान्वये त्या राज्यात विकावयाच्या प्रत्येक नमुन्याची विद्यापीठाच्या चाचणीगृहात परीक्षा आणि सुट्या भागांचा साठा या दोन्ही अटी बंधनकारक झाल्या. १९२० पासून चाचण्या सुरू झाल्या. जाहिरातीतील अश्वशक्ती, पट्ट्यावर मिळणारी अश्वशक्ती आणि प्रत्यक्ष ओढकामास उपलब्ध होणारी अश्वशक्ती या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे यामुळे सर्वांच्या लक्षात आले. भारतात १९५५ साली मध्य प्रदेशातील बुधनी येथे शेतकी यंत्रांचे प्रशिक्षण व चाचणी केंद्र स्थापन झाले, ते याच परंपरेतील. तेथील अहवालांत इंधनाचा खर्च, ओढ, वळण्याची त्रिज्या, वजनाचा पुढच्या-मागच्या चाकांवरील भार अशा गोष्टी काटेकोरपणे नोंदलेल्या असतात. अडचण एवढीच की त्या इंग्रजीत असतात, आणि विक्रेत्याच्या मराठी पत्रकात त्यांपैकी अश्वशक्ती व किंमत हे दोनच आकडे ठळक टाइपात उतरतात.

गिरणगावाशी ट्रॅक्टरचा संबंध याच सुमारास जुळतो. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने माझगाव येथे जीपगाड्यांची जुळणी सुरू केली होती. १९५४ साली टाटा आणि व्होल्कार्ट बंधू यांच्या भागीदारीतून व्होल्टास निघाली. तिचे नाव दीर्घकाळ चिंचपोकळीच्या आंबेडकर मार्गावरील, म्हणजे लालबागच्या शेजारच्या, इमारतीशी जोडलेले राहिले. १९६३ मध्ये या दोन कंपन्या आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली, आणि कांदिवलीच्या कारखान्यातून बी-२७५ हा सुमारे ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर बाहेर पडू लागला. ही कंपनी १९७७ मध्ये महिंद्र कंपनीत विलीन झाली. बी-२७५ हा मूळचा इंग्लंडातील नमुना; तेथील शेतांसाठी तो मध्यमच गणला जाई. पंजाबात आणि आपल्याकडे नगर-सोलापूरच्या बागाईत पट्ट्यात तो उत्तम चालला. रत्नागिरीच्या खाचरात तो उतरूही शकत नव्हता. लालबागमधील कामगाराच्या भावाला किंवा मेहुण्याला कांदिवलीच्या कारखान्यात काम मिळाले, तरी त्याच्या हातून जुळविलेले यंत्र त्याच्या स्वतःच्या शेताच्या दहापट शेतासाठी होते.

त्या काळी बाजारात याहून लहान यंत्रे नव्हतीच असे नाही. फरिदाबाद येथे १९५९ पासून जर्मन सहकार्याने तयार होऊ लागलेला आयशर ट्रॅक्टर एका सिलिंडरचा व हवेने थंड होणारा होता. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही. म्हणजे बिघडण्यासारखे भाग कमी. साधेपणा ही तुलनेची एक स्वतंत्र बाजू आहे हे या यंत्राने मराठी शेतकऱ्यास शिकविले. १९७४ साली बाजारात आलेल्या पंजाब ट्रॅक्टर्सच्या स्वराज ७२४ ने, परकीय करारावाचून मध्यम-लहान ट्रॅक्टर बनविता येतो हे दाखविले. पण हे दोन्ही ट्रॅक्टर पंचवीस अश्वशक्तीच्या आसपासचे, एक-सव्वा टनाहून जड आणि सपाट जमिनीवर चालणारे. वीस गुंठ्यांच्या मालकास त्यांतून निवड करण्याचे कारणच नव्हते.

त्याच्या शेताशी खरे साम्य असलेली शेती होती ती जपानची : पाण्याने भरलेली लहान खाचरे, डोंगरउतार आणि शहरात कामास गेलेले पुरुष. १९५२-५३ च्या सुमारास 'जपानी पद्धतीची भातशेती' या नावाने देशभर जी मोहीम चालली, तिची सुरुवातीची प्रात्यक्षिके मुंबईजवळ बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात झाली होती. ओळीत लावणी, गादीवाफ्यावरचे रोप आणि हाताने फिरवावयाचे कोळपे एवढेच त्या मोहिमेतून कोकणात पोहोचले. जपानमध्ये मात्र त्याच दशकात पॉवर टिलर, म्हणजे मागून चालत चालवावयाचे दोन चाकांचे नांगरणी यंत्र, वेगाने पसरू लागले आणि १९६० नंतरच्या काही वर्षांत त्यांची संख्या लाखांनी मोजावी लागली. भारतात जपानी सहकार्याने अशी यंत्रे १९६० च्या दशकातच दक्षिणेत बनू लागली, बंगळूरच्या व्ही.एस.टी. कंपनीची स्थापना १९६७ ची, तर केरळ सरकारची शेतकी यंत्र कंपनी १९७३ ची. कोकणासाठी दापोली येथे १९७२ साली स्वतंत्र कृषी विद्यापीठ झाले. म्हणजे यंत्र होते, संस्था होती, शेतही तेच होते. तरीही कोकणात टिलर सर्वत्र दिसू लागण्यास आणखी बराच काळ जावा लागला. याचे कारण यंत्राच्या गुणदोषांत शोधून सापडणार नाही. जोवर गावात जोत ठेवणारा एखादा भाऊबंद शिल्लक होता आणि गिरणीची रजा जूनमध्ये मिळत होती, तोवर तुलनेची गरजच उत्पन्न झाली नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार सहभागी झाले. त्यांतील अनेक गावी परतले. शेतीने त्यांतल्या काहींना तगविले, बहुतेकांना तगविले नाही. संपानंतरच्या पिढीने नवी मुंबई, डोंबिवली, विरार येथे निराळ्या नोकऱ्या धरल्या. या नोकऱ्यांत जूनमधील महिनाभराची रजा हा प्रकार नव्हता. गावाकडील वृद्ध माणसाने बैल विकले की पुन्हा घेतले जात नसत. आणि २०१५ च्या पशुसंरक्षण दुरुस्ती कायद्याने बैलांच्या कत्तलीवर बंदी आल्यावर त्या हिशेबातील शेवटची रक्कम, म्हणजे थकलेल्या बैलाची किंमत, बदलली. या कायद्याविषयी मतभेद असू शकतात. परंतु बैल आणि यंत्र यांची तुलना करताना दोहोंच्या मोडीची किंमत धरावी लागते, हे कोणताही हिशेबनीस मान्य करील.

अशा रीतीने कोकणात यंत्र आले ते बहुधा मालकीने नव्हे तर भाड्याने आले, आणि त्याबरोबर एक शब्दही बदलला. जोत 'दिवसावर' मिळत असे. टिलर आणि ट्रॅक्टर 'तासावर' मिळू लागले. मराठीत नांगराने पडणारी ओळ म्हणजेही 'तास'. तासणे या क्रियापदाशी नाते सांगणारा हा तास निराळा, आणि घड्याळाचा तास निराळा. दोन शब्दांचे रूप योगायोगाने एक झाले आहे. परंतु 'किती तास झाले' असे विचारल्यावर पूर्वी शेतकरी मागे वळून जमिनीकडे पाही, आता तो मनगटाकडे पाहतो.

गेल्या दीड-दोन दशकांत लहान ट्रॅक्टरांचा जो नवा वर्ग बाजारात आला आहे, त्याची प्रेरणाही कोकणातील नव्हे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांतील दोन ओळींमधून, उसाच्या सरीतून, कपाशीच्या पट्ट्यातून जाऊ शकेल असे अरुंद यंत्र हवे होते. २०१० च्या सुमारास आलेला महिंद्र युवराज २१५ हा एका सिलिंडरचा १५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, २०१७ चा दोन सिलिंडरांचा व चारही चाकांना गती असलेला २४ अश्वशक्तीचा जिवो, कुबोटाचा तीन सिलिंडरांचा २१ अश्वशक्तीचा निओस्टार, २०२१ साली आलेला ११ अश्वशक्तीचा पेट्रोलवर चालणारा स्वराज कोड आणि २०२३ मध्ये जपानी सहकार्याने तयार केलेली महिंद्र ओजा ही मालिका, ही यांतील ठळक नावे. यांच्या शेजारी १३ अश्वशक्तीच्या आसपासचा पॉवर टिलर आणि त्याहून हलकी, दोन माणसांना उचलून बांधावरून पलीकडे ठेवता येतील अशी खुरपणी-नांगरणीची यंत्रे ठेवली, म्हणजे निवडीचे क्षेत्र पुरे होते.

ही यंत्रे कोकणच्या खाचराच्या दृष्टीने पाहू लागताच जाहिरातीतील क्रम उलटा होतो. अश्वशक्ती शेवटी जाते. प्रथम प्रश्न येतो तो यंत्र शेतापर्यंत जाते काय हा. कोकणातील वाट म्हणजे अनेकदा जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी; तिच्यावरून साडेसातशे-आठशे किलो वजनाचे चारचाकी यंत्र नेता येत नाही, मग ते कितीही लहान म्हणवीत असो. दुसरा प्रश्न चिखलात रुतण्याचा. येथे दोन चाकांना गती असलेल्या ट्रॅक्टरपेक्षा चारही चाकांना गती असलेला निःसंशय सरस, पण त्याची किंमतही त्याच प्रमाणात अधिक. शिवाय चिखलणीसाठी लोखंडी जाळीची चाके निराळी घ्यावी लागतात. तिसरा प्रश्न वळणाचा : खाचराच्या कोपऱ्यांत ट्रॅक्टरचे न नांगरलेले त्रिकोण राहतात, ते कुदळीने करावे लागतात, आणि शेत जितके लहान तितका या त्रिकोणांचा हिस्सा मोठा. टिलर या तिन्ही कसोट्यांवर उजवा ठरतो. त्याचा दोष वेगळा आहे. दिवसभर चिखलात त्याच्यामागे चालणे व त्याची थरथर दोन्ही हातांनी पेलणे हे काम तरुण माणसाचे आहे, आणि गावात तरुण माणूस नाही म्हणूनच तर यंत्राचा विचार सुरू झाला. बसून चालविण्याचे यंत्र साठ वर्षांचा माणूस किंवा त्याची सूनही चालवू शकते. नांगर धरण्याविषयीची जुनी रूढी यंत्राला तितक्या कडकपणे लागू होत नाही, ही गोष्ट या तुलनेत आजवर फारच थोड्यांनी जमेस धरली आहे.

पुढे येतो तो वापराचा हिशेब, आणि तो निर्णायक आहे. शेतकी अभियांत्रिकीतील खर्चगणितात ट्रॅक्टरचा वर्षाचा वापर साधारणपणे १,००० तास धरण्याची रूढी आहे. वीस गुंठ्यांच्या भातशेतीची नांगरणी, चिखलणी आणि थोडी वाहतूक मिळून वर्षाला वीस-पंचवीस तासही भरत नाहीत. म्हणजे असे चाळीस मालक एकत्र आले तरच एका लहान ट्रॅक्टरला त्याच्या कुवतीइतके काम मिळेल. पण भाताच्या शेतीत या चाळिसांनाही तो त्याच पंधरा दिवसांत हवा असतो. म्हणून चाळीस हा आकडाही कागदावरचाच राहतो, प्रत्यक्षात आठ-दहा शेतांपलीकडे तो वेळेवर पोहोचत नाही. सावडीत हीच अडचण होती, आणि ती पाळी ठरवून सोडविली जात असे.

सरकारी धोरणात सामुदायिक मालकीची कल्पना एका ठिकाणी स्पष्टपणे आली आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी असलेल्या महाराष्ट्र शासनाच्या योजनेत ९ ते १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधने साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदानावर गटास मिळतात. लहान ट्रॅक्टरची 'लहान' ही संज्ञा येथे अश्वशक्तीच्या आकड्यांनी बांधली गेली, आणि त्याचा मालक एक व्यक्ती नसून गट आहे हेही मान्य झाले. योजनेच्या अंमलबजावणीविषयी निरनिराळी मते ऐकू येतात. तत्त्व मात्र कोकणच्या शेतास इतर कोणत्याही योजनेपेक्षा अधिक जवळचे आहे.

चाकरमान्याच्या घराण्यास हा मार्ग सहजी उपलब्ध नाही. त्याच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या नावापुढे आता दहा-बारा वारसांची नावे आहेत. दोन लालबागला, एक दादरला, चार डोंबिवलीस, एखादे परदेशात, आणि कसणारा गावी राहिलेला एक. बँक ट्रॅक्टरसाठी कर्ज देताना किमान जमिनीची अट घालते. ती एकट्याच्या हिश्शाने पुरी होत नाही, आणि सर्वांच्या सह्या गोळा करण्यास गणपतीच्या दिवसांतही सर्वजण एका वेळी घरी नसतात. कोणता ट्रॅक्टर चांगला या प्रश्नाचे उत्तर कुटुंबातील कोणी तरी शोधून ठेवलेले असते. तो कोणाच्या नावावर घ्यावयाचा हे ठरत नाही. तोवर शेजारच्या गावातील एकाने घेतलेला ट्रॅक्टर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तासावर येतो. रस्त्यालगतची खाचरे तो करतो. पाखाडी जेथून सुरू होते तेथे तो थांबतो, आणि तिच्या वरच्या बाजूची खाचरे कोणाकडे टिलर असेल तर होतात, नाही तर त्या वर्षी पडीक राहतात.